चाल तीच, शब्द निराळे: फ्रेंच गाण्यांकडे जाणारी एक वाट

जुन्या मराठी संगीत नाटकाची छापील प्रत उघडली, की पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात 'चाल' असा शब्द आणि त्यापुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले शब्द दिसतात. वाचकाने ती ओळखीची चाल मनात आणायची आणि तिच्यावर नवे पद म्हणून पाहायचे, अशी ती सोय होती. फ्रान्समध्येही नेमकी हीच सोय होती. तिथे गीताच्या शीर्षकाखाली 'सुर लेर द', म्हणजे 'अमुक चालीवर', असे छापत; अशा हिंडत्याफिरत्या चालींना 'तँब्र' म्हणत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तर 'ला क्ले द्यु कावो' या नावाचा चालींचा एक कोशच पॅरिसमध्ये निघाला. एकच चाल अनेक गीतांच्या अंगावर चढवण्यात तेव्हा कोणाला कमीपणा वाटत नसे, जसा आपल्या नाटककारांनाही वाटला नाही.

ही जुनी प्रथा आरंभीच सांगण्याचे कारण असे, की आजचे फ्रेंच पॉप संगीत ऐकू इच्छिणाऱ्या मराठी श्रोत्याची अडचण तिच्याच मदतीने सुटते. भाषा येत नाही, गायकांची नावे अनोळखी असतात, आणि गाणी सुचवणारी अ‍ॅप्स तीच पाच-सहा गाणी फिरवून फिरवून समोर आणतात. अशा वेळी गायकाच्या मागे न लागता चालीच्या मागे लागावे, असे माझे म्हणणे आहे. ओळखीची चाल फ्रेंच शब्दांत ऐकली, किंवा एकच फ्रेंच गाणे दोन वेगळ्या काळांतल्या दोन गळ्यांतून ऐकले, की काय बदलले आणि काय टिकले हे भाषा न येणाऱ्यालाही कळू लागते, आणि तिथून नव्या गायकापर्यंत पोहोचणे सोपे होते.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ. आपण ज्याला कव्हर म्हणतो त्याला फ्रेंचमध्ये 'रप्रीझ' म्हणतात. त्याचा अर्थ 'पुन्हा हाती घेणे'. मूळ शब्द आणि मूळ चाल कायम ठेवून दुसऱ्याने गायलेले गाणे म्हणजे रप्रीझ. चाल तीच ठेवून तिच्यावर दुसऱ्या भाषेतले शब्द बसवले, तर त्याला 'आदाप्तास्यों' म्हणतात. त्यासाठी मराठीत 'रूपांतर' हा शब्द चालेल, कारण ते भाषांतर क्वचितच असते. हा फरक कायद्यालाही महत्त्वाचा वाटतो. रप्रीझ करताना मूळ कर्त्यांना मोबदला पोहोचला आणि मूळ गाण्याची मोडतोड झाली नाही, की काम बहुधा भागते. रूपांतरासाठी मात्र मूळ कर्त्याची किंवा त्याच्या प्रकाशकाची स्पष्ट परवानगी लागते, कारण फ्रेंच कायदा कर्त्याचा कृतीवरचा नैतिक हक्क कायमचा आणि दुसऱ्याला विकता न येणारा मानतो.

हा मोबदला गोळा करणारी 'सासेम' ही संस्था 1851 मध्ये स्थापन झाली आणि आजही काम करते. तिच्या जन्माची हकिगत सांगण्यासारखी आहे. 1847 मध्ये एर्नेस्त बुर्झे हा गीतकार शाँझेलिझे रस्त्यावरच्या 'आंबासादर' या गाण्याच्या कॅफेत बसला होता. त्याचेच गीत तिथे गायले जात होते आणि त्याबद्दल त्याला काहीही मिळत नव्हते. तेव्हा त्याने प्यायलेल्या साखरपाण्याचे पैसे देण्यास नकार दिला: तुम्ही माझ्या गाण्याचे पैसे देत नाही, तर मी तुमच्या पाण्याचे का द्यावेत? प्रकरण न्यायालयात गेले, निकाल गीतकारांच्या बाजूने लागला, आणि त्यातून पुढे ही संस्था उभी राहिली. फ्रेंच गाण्याच्या नोंदीत गीतकार, संगीतकार आणि रूपांतरकार यांची नावे काटेकोरपणे वेगवेगळी लिहिलेली सापडतात, त्यामागे हा सारा इतिहास आहे, आणि त्या नोंदींचा आपल्याला पुढे फार उपयोग होणार आहे.

रूपांतरांचा खरा पूर आला तो 1960 च्या दशकात. 1959 मध्ये 'युरोप 1' या रेडिओ केंद्रावर 'साल्यु ले कोपँ', म्हणजे साधारण 'नमस्कार, दोस्तांनो', हा किशोरवयीन श्रोत्यांसाठीचा कार्यक्रम सुरू झाला. अमेरिकेतून आणि इंग्लंडमधून येणारी नवी गाणी या मुलांना हवी होती, परंतु त्यांतल्या बहुतेकांना इंग्रजी कळत नव्हते. त्यातच फ्रान्समध्ये तेव्हा एका छोट्या तबकडीवर चार गाणी देण्याची पद्धत होती. इंग्लंडमधल्या गायकाला दोन गाण्यांत जे भागवता येत असे, त्यासाठी फ्रेंच गायकाला दर खेपेस चार गाणी लागत, आणि तीही लवकर लागत. मग परदेशात गाजलेल्या चालींवर घाईघाईने फ्रेंच शब्द बसवले जात. गाण्यांतल्या 'ये, ये' या आरोळीवरून एदगार मोरँ या समाजशास्त्रज्ञाने 1963 मध्ये 'ल मोंद' या दैनिकात या तरुणांना 'येये' असे नाव दिले आणि ते कायमचे चिकटले. जॉनी अलिडे, सिल्व्ही वार्तां, रिशार आंतोनी, क्लोद फ्राँस्वा ही या लाटेतली मोठी नावे. त्यांतल्या पुष्कळ गाण्यांना आज केवळ इतिहासाचे मोल उरले आहे, हे मान्य करावे लागेल. तथापि काही रूपांतरे मूळ गाण्याइतकीच, क्वचित अधिकच, चांगली उतरली.

रिशार आंतोनीचे 1962 मधले 'झाँताँ सिफ्ले ल त्रँ', म्हणजे 'मला आगगाडीची शिट्टी ऐकू येते', हे त्यांपैकी एक. ही चाल आपल्या कानांना परकी नाही. 'फाइव्ह हंड्रेड माइल्स' या अमेरिकी लोकगीताच्या वळणाच्या गाण्याची ती चाल. 1990 च्या 'जुर्म' या हिंदी चित्रपटातल्या 'जब कोई बात बिगड जाए' या गाण्यातही तीच ऐकू येते. तीन भाषांतली ही तीन गाणी एकापाठोपाठ ऐकून पाहावीत. अमेरिकी गाण्यातला माणूस घरापासून दूर गेला आहे आणि फाटक्या कपड्यांनी, रिकाम्या खिशाने परत जायला लाजतो आहे. फ्रेंच गाण्यातला माणूस स्थानकावर गेलेलाच नाही. निरोपाचा प्रसंग टाळण्यासाठी तो मागे राहिला आहे आणि गाडीची शिट्टी दुरून त्याच्यापर्यंत पोहोचते आहे. हिंदी गाण्यात गाडी नाही आणि विरहही नाही. तिथे साथ न सोडण्याची विनवणी आहे. चाल एकच असून फ्रेंच शब्दकार जाक प्लाँत याने प्रवास करणाऱ्याकडून मागे राहणाऱ्याकडे नजर वळवली, आणि एवढ्यानेच ते गाणे दुसरे झाले.

इथे प्लाँतचे नाव लक्षात ठेवावे, कारण शार्ल अझ्नावूर या गायकाच्या 'ला बोएम' या अतिशय प्रसिद्ध गाण्याचे शब्दही त्याचेच आहेत. रूपांतरे करणारे शब्दकार हे कोणी दुय्यम कारागीर नव्हते. पियेर दलानोए याचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. 'ले शाँझेलिझे' हे जो दासँने गायलेले 1969 मधले गाणे म्हणजे पॅरिसचे जणू बोधगीतच आहे, असे जगभर मानले जाते. पर्यटकांच्या चित्रफितींत ते हटकून वाजते. पण ती चाल पॅरिसची नाही. जेसन क्रेस्ट या इंग्रज गटाने त्याच्या आदल्याच वर्षी 'वॉटर्लू रोड' नावाचे गाणे काढले होते, ते लंडनमधल्या एका साध्या रस्त्याविषयी होते आणि फारसे कोणी ऐकले नव्हते. दलानोएने लंडनचा रस्ता उचलून तिथे पॅरिसचा राजरस्ता ठेवला. दासँचे 1975 मधले 'लेते अँदियँ' हेही असेच. त्याची चाल तोतो कुतुन्यो या इटालियन संगीतकाराची, मूळ गाण्यात आफ्रिकेचा उल्लेख, आणि फ्रेंच शब्द दलानोए व क्लोद लमेल यांचे. शीर्षकाचा शब्दशः अर्थ 'इंडियन उन्हाळा' असा असल्याने आपल्याकडे गैरसमज होऊ शकतो. त्याचा भारताशी संबंध नाही; उत्तर अमेरिकेत पानगळीच्या दिवसांत मध्येच काही दिवस ऊब परतते, तिला हे नाव आहे.

त्याच काळातले एक रूपांतर मला विशेष आवडते, आणि त्याचे कारण निव्वळ भाषिक आहे. फ्रान्स्वाज आर्दी ही स्वतः गीते रचणारी गायिका होती. 1968 मध्ये तिने एका इंग्रजी विरहगीताचे रूपांतर गायले: 'कोमाँ त दीर आद्यू', म्हणजे 'तुला निरोप कसा देऊ'. शब्द सर्ज गेन्सबूरचे. मूळ इंग्रजी गीत सरळ, हळवे आणि काहीसे नेहमीचे होते. गेन्सबूरने त्यात 'एक्स' या कठोर ध्वनीवर यमकांची एक माळ ओवली आणि त्यासाठी चक्क कागदी रुमालाचे आणि काचेच्या भांड्याचे व्यापारी नाव वापरले. काही ठिकाणी तर शब्द मधोमध तोडून यमक साधले. डोळ्यांत पाणी असलेल्या माणसाने स्वतःला आवरून कोरडेपणाने बोलावे, तसा परिणाम त्या टणक ध्वनीने होतो. फ्रेंच येत नसली तरी तो 'एक्स' कानाला जाणवतोच. आर्दी 2024 च्या जूनमध्ये गेली. तिच्या गाण्यांकडे वळण्यासाठी याहून चांगला दरवाजा मला माहीत नाही.

आता उलट्या दिशेचा प्रवास पाहू. जगातल्या सर्वांत जास्त गायल्या गेलेल्या इंग्रजी गाण्यांपैकी एक असलेले 'माय वे' हे मुळात फ्रेंच आहे. 1967 मध्ये क्लोद फ्राँस्वा, जाक रव्हो आणि गीतकार झील तिबो यांनी 'कॉम दाबित्यूद', म्हणजे 'नेहमीप्रमाणे', हे गाणे तयार केले. त्यात एक जोडपे आहे. सकाळी तो उठतो, ती उठत नाही. तो तिच्या अंगावर पांघरूण सारखे करतो, एकटाच कॉफी घेतो, कामाला जातो, रात्री परत येतो, आणि दोघेही सगळे काही ठीक असल्यासारखे वागतात, नेहमीप्रमाणे. प्रेम संपल्यावर उरलेल्या सवयीचे हे गाणे आहे. पॉल अँका या गायकाने ते फ्रान्समध्ये ऐकले, हक्क मिळवले आणि फ्रँक सिनात्रासाठी नवे इंग्रजी शब्द लिहिले. सिनात्राने ते 1968 च्या डिसेंबरात ध्वनिमुद्रित केले. इंग्रजी गाण्यात आयुष्याच्या अखेरीस एक माणूस मागे वळून, मी माझ्या मनाप्रमाणे जगलो, असे अभिमानाने सांगतो. चालीतली ती पायरीपायरीने चढत जाणारी रचना इंग्रजीत विजयासारखी वाटते. तीच चढण फ्रेंचमध्ये ऐकली, तर रोजच्या दिनक्रमाचे ओझे दर कडव्यात वाढत चालल्यासारखे वाटते. इंग्रजी गाणे लहानपणापासून ऐकलेल्या माणसाने फ्रेंच गाणे शब्दांचा अर्थ समोर ठेवून एकदा ऐकावे. तो माणूस पुन्हा ते इंग्रजी गाणे पूर्वीसारखे ऐकू शकेल, असे मला वाटत नाही.

रूपांतरात काय हरवते याचेही उदाहरण द्यायला हवे. बेल्जियमच्या जाक ब्रेलने 1961 मध्ये 'ल मोरिबों', म्हणजे 'मरणपंथाला लागलेला', हे गाणे गायले. त्यातला माणूस जिवलग मित्राचा, पाद्र्याचा, बायकोच्या प्रियकराचा आणि शेवटी बायकोचा निरोप घेतो, आणि मला पुरताना सर्वांनी हसावे, नाचावे असे बजावतो. त्यात राग आहे, क्षमा आहे, आणि जगण्याची अनावर ओढही आहे. रॉड मॅकयून याच्या इंग्रजी शब्दांवरून टेरी जॅक्सने गायलेले 'सीझन्स इन द सन' हे त्याचे रूपांतर 1974 मध्ये जगभर गाजले, परंतु त्यातून प्रियकर गेला, पाद्री गेला, आणि मित्र, वडील व एक लहानगी यांना दिलेला गोड निरोप तेवढा उरला. ब्रेलचे मूळ ऐकल्याशिवाय हे गाणे समजले असे कोणी म्हणू नये.

शब्द बसवताना फ्रेंचमध्ये एक अडचण येते, ती मराठी माणसाला चटकन समजेल. फ्रेंच शब्दांच्या शेवटी येणारा 'e' बोलताना बहुधा गिळला जातो, पण गाताना तो बऱ्याचदा परत येतो आणि स्वतःचा सूर मागतो. शाळेत आपण सर्वांनी ऐकलेले 'फ्रेर जाक' हे बालगीत घ्या. बोलताना हे शब्द दोनच अवयवांचे, म्हणजे एका दमात उच्चारायच्या दोनच तुकड्यांचे, आहेत. गाताना मात्र 'फ्रे-र-जा-क' असे चार सूर लागतात. आपल्याकडे 'गणाधीश' हा शब्द बोलताना आपण 'गणाधीश्' असाच संपवतो, परंतु 'गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा' हा श्लोक म्हणताना त्या 'श' मधला 'अ' पूर्ण उच्चारावा लागतो, नाहीतर वृत्त मोडते. दोन्ही भाषांत बोलण्यातला मुका स्वर गाण्यात जिवंत होतो. याखेरीज फ्रेंचमध्ये जोर शब्दसमूहाच्या शेवटी पडतो आणि इंग्रजीत तो शब्दागणिक जागा बदलतो. त्यामुळे इंग्रजी चालीवर फ्रेंच शब्द जसेच्या तसे अनुवादून बसत नाहीत. शब्दकाराला अर्थ सोडून आधी ठेक्याचा विचार करावा लागतो आणि मग त्या ठेक्यात बसेल असा नवा प्रसंग शोधावा लागतो. रूपांतरे भाषांतरे का नसतात, याचे मोठे कारण हेच आहे. आजच्या फ्रेंच गायकांत हा मुका स्वर कोण उच्चारतो आणि कोण गिळतो, हे ऐकण्यासारखे असते: जुन्या परंपरेकडे झुकणारे गायक तो राखतात, रॅपच्या जवळचे गायक बोलीप्रमाणे तो टाकतात.

शब्द आणि चाल दोन्ही तीच ठेवूनही गाणे पालटू शकते, कारण गाणारा कोण आहे यावर अर्थ ठरतो. शार्ल त्रनेने 1943 मध्ये, देश जर्मन सैन्याच्या ताब्यात असताना, 'दूस फ्राँस' हे बालपणीच्या गावाची आणि शाळेची आठवण काढणारे गीत रचले. 1986 मध्ये ल्योंजवळ वाढलेल्या, उत्तर आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांच्या गटाने, अल्जीरियात जन्मलेल्या राशिद ताहाच्या आवाजात, तेच गीत अरबी वाद्यांच्या साथीने गायले. गटाचे नावच 'कार्त द सेजूर', म्हणजे 'निवासाचा परवाना', असे होते. माझ्या बालपणीचा लाडका देश, हे शब्द त्या तोंडून आले तेव्हा त्यांत प्रेम होते आणि हक्काची मागणीही होती. एक अक्षर न बदलता ही मागणी उभी राहिली, हे मला फार मोठे काम वाटते.

पॅरिसमध्ये 2024 मध्ये झालेल्या ऑलिंपिकच्या सोहळ्यांतही हीच युक्ती दिसली. 26 जुलैच्या उद्घाटनात मालीतल्या बामाकोत जन्मलेली आणि पॅरिसच्या उपनगरात वाढलेली गायिका आया नाकामुरा फ्रेंच भाषेची राखण करणाऱ्या फ्रेंच अकादमीच्या इमारतीतून बाहेर येऊन रिपब्लिकन गार्ड या लष्करी दलाच्या वादकांसह गायली. तिच्या गाण्यांतल्या बोलीवरून आधी पुष्कळ गदारोळ झाला होता. तिने स्वतःच्या गाण्यांत अझ्नावूरच्या 'फॉर मी फॉर्मिदाब्ल' या गाण्याच्या ओळी मिसळल्या. 1960 च्या दशकातले हे गाणे मुळातच फ्रेंच आणि इंग्रजी यांची मौजेची सरमिसळ करते, आणि त्याचे शब्दही जाक प्लाँतचेच. भाषा शुद्ध नाही असा आक्षेप ज्या गायिकेवर होता, तिने भाषांची सरमिसळ करणारे सर्वमान्य जुने गाणे निवडले, ही निवड नेमकी होती. त्याच रात्री आयफेल मनोऱ्यावरून सेलिन दिऑनने एदित पियाफचे 'ईम्न आ लामूर' गायले. ते गीत पियाफने 1949 मध्ये लिहिले आणि त्याची चाल मार्गरीत मोनो या संगीतकार स्त्रीची आहे. हे दुसरे नाव सहसा कोणी घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम घेतले.

आता प्रश्न असा, की फ्रान्समध्ये स्वभाषेतले एवढे नवे संगीत निघते तरी कसे? श्रोत्यांचे प्रेम हे एक कारण आहेच, पण कायदाही आहे. 1994 च्या कायद्याने खासगी रेडिओ केंद्रांना बंधन घातले, आणि ते 1 जानेवारी 1996 पासून लागू झाले: लोक जास्त ऐकतात त्या वेळांत वाजवलेल्या गाण्यांपैकी किमान 40 टक्के गाणी फ्रेंच भाषेतली हवीत, आणि त्यांतली निम्मी नव्या कलावंतांची किंवा नव्या निर्मितीची हवीत. केंद्राच्या स्वरूपाप्रमाणे या प्रमाणात फरक करण्याची मुभाही आहे. नव्वदच्या दशकात फ्रेंच रॅपला रेडिओवर जी जागा मिळाली, तीत या नियमाचा वाटा मोठा मानतात. परंतु केंद्रांनी एक पळवाट काढली; तीच ती दहा गाणी दिवसभर वाजवून ती टक्केवारी भरू लागली. म्हणून 2016 मध्ये दुरुस्ती झाली: एखाद्या केंद्रावर सर्वांत जास्त वाजणारी दहा फ्रेंच गाणी मिळून फ्रेंच प्रसारणाच्या निम्म्याहून अधिक जागा व्यापत असतील, तर निम्म्याच्या वरचे त्यांचे प्रसारण हिशेबात धरले जात नाही. कॅनडात फ्रेंच भाषक केंद्रांसाठी लोकप्रिय संगीतातले हे प्रमाण 65 टक्के आहे, कारण तिथल्या क्वेबेक या फ्रेंचभाषक प्रांताला चारही बाजूंनी इंग्रजीचा वेढा आहे. अशा नियमांनी कलेला सक्ती होते असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. नव्या आवाजाला एकदा तरी ऐकले जाण्याची संधी मिळावी एवढेच हा नियम पाहतो, आवडून घेण्याची सक्ती तो कोणावर करत नाही.

फ्रेंच संगीत म्हणजे केवळ पॅरिस, हा समजही सोडून द्यावा लागेल. गेल्या पंधरा वर्षांतला बहुधा सर्वांत प्रभावी फ्रेंचभाषक गीतकार स्त्रोमाय हा ब्रसेल्सचा आहे. त्याचे नाव म्हणजे 'माएस्त्रो' या शब्दाची अवयव उलटवून केलेली मांडणी. शब्द असे उलटवण्याच्या फ्रेंच बोलीला 'व्हेर्लां' म्हणतात. त्याच्या 2013 मधल्या 'पापाउते' या गाण्याचे शीर्षक 'बाबा, तू कुठे आहेस' हा प्रश्न ऐकू येतो तसा जोडून लिहिलेला आहे, आणि त्याचे वडील 1994 च्या रवांडातल्या वंशसंहारात मारले गेले, हे ठाऊक असले की त्या नाचऱ्या ठेक्याखालचे दुःख दिसते. अमेरिकेच्या पेंटॅटॉनिक्स या गटाने हेच गाणे फ्रेंचमध्येच, केवळ कंठांच्या आणि व्हायोलिन-चेलोसारख्या तंतुवाद्यांच्या साथीने गायले; दोन्ही शेजारी ठेवून ऐकावीत. ब्रसेल्सचीच आन्जेल, मॉंट्रियलची कर द पिरात, आयव्हरी कोस्टचा 'मॅजिक सिस्टिम' हा गट, मालीचे आमादू आणि मारियाम, असा हा पसारा आहे. मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत तर फ्रेंच गाणी रेडिओवरून आपसूकच कानी पडतात. त्यांना या वाटेची ओळख करून देण्याची गरज नाही.

ज्यांना ती आहे, त्यांनी प्रत्यक्षात काय करावे? सर्वांत आधी गाण्याची नोंद वाचायची सवय लावावी. 'पारोल' म्हणजे शब्द, 'म्युझीक' म्हणजे संगीत, 'आदाप्तास्यों' म्हणजे रूपांतर, 'अँतेरप्रेत' म्हणजे गाणारा. संगीतकाराचे नाव इंग्रजी किंवा इटालियन आणि शब्दकाराचे फ्रेंच दिसले, की बहुधा तिथे रूपांतर आहे असे समजावे आणि मूळ गाणे शोधावे. 'सेकंडहँडसाँग्ज' या संकेतस्थळावर एकाच गाण्याची वेगवेगळ्या भाषांतली रूपे क्रमाने मांडलेली मिळतात. आवडलेल्या गाण्याच्या गायकापेक्षा शब्दकाराचे नाव टिपून ठेवावे आणि त्याने आणखी काय लिहिले ते पाहावे. प्लाँत आणि दलानोए यांच्या मागे गेलो तर निम्मे विसावे शतक हाती लागते, हे वर दिसलेच.

नव्या गायकांसाठी फ्रेंच दूरचित्रवाणीवरचा 1993 मध्ये सुरू झालेला 'ताराताता' हा कार्यक्रम फार उपयोगी आहे, कारण त्यात नवे आणि जुने गायक एकत्र येऊन दुसऱ्यांची गाणी प्रत्यक्ष वादकांसह गातात. गरिबांना जेवण पुरवणाऱ्या 'रेस्तो द्यु कर' या संस्थेसाठी दरवर्षी 'लेझाँफ्वारे' या नावाने अनेक गायक एकत्र जमतात, तेव्हाही सारा कार्यक्रम रप्रीझचाच असतो. त्यात गाण्याचा दर्जा वरखाली होतो, पण नव्या नावांची ओळख नक्की होते. ला रोशेलचा 1985 पासूनचा आणि मॉंट्रियलचा 1989 पासूनचा फ्रेंच गाण्यांचा महोत्सव, तसेच बुर्झचा वसंतोत्सव, यांच्या कार्यक्रमपत्रिका आंतरजालावर वाचता येतात. मुख्य नावे सोडून खालच्या बारीक अक्षरांतली नावे ऐकावीत. 'फिप' हे सरकारी रेडिओ केंद्र भारतातूनही ऐकता येते आणि चालू गाण्याची पूर्ण नोंद दाखवते. मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांनी 21 जूनच्या संगीतदिनी आलियाँस फ्राँसेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत काय आहे याची चौकशी करावी. 1982 मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेला हा दिवस आपल्याकडेही पोहोचला आहे.

एक संपूर्ण वाट उदाहरणादाखल चालून पाहू. ऑलिंपिकच्या समारोपाच्या दिवशी, 11 ऑगस्ट 2024 रोजी, त्युइलरीच्या बागेत एका तरुण गायिकेने 'सू ल स्येल द पारी', म्हणजे 'पॅरिसच्या आभाळाखाली', हे 1951 मधले गाणे गायले. ते पूर्वी ज्युलिएत ग्रेकोने आणि पियाफने गायलेले आहे. आधी ती दोन रूपे ऐकावीत. ग्रेको ते जवळजवळ बोलते, पियाफ ते छातीतून फेकते. मग या तिसऱ्या आवाजाकडे यावे. ही झाहो द सागाझाँ, सँ-नाझेर या बंदराच्या गावची. त्याच वर्षी मे महिन्यात कान शहरातल्या चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनात तिने डेव्हिड बोवीचे 'मॉडर्न लव्ह' गायले होते, तेही मिळवून ऐकावे. फ्रेंच गळ्यातून इंग्रजी गाणे कसे येते ते कळते. तिथून तिच्या स्वतःच्या 2023 मधल्या 'ला सँफोनी देझेक्लेर', म्हणजे 'विजांची सिंफनी', या पहिल्या संग्रहाकडे वळावे. साथीला यंत्रांचे थंड, एकसुरी ठोके आहेत, आणि त्यांच्यावर तिचा खोल, खर्जाकडे झुकणारा आवाज प्रत्येक अक्षर चावून, शब्दाच्या शेवटचा मुका स्वरसुद्धा वाया न घालवता उच्चारतो. ते उच्चार ऐकताना 'ल मोरिबों' गाणारा ब्रेल आठवला, तर पुन्हा एकदा मागे जाऊन तेही ऐकावे.